मराठी नंतर टाकू

आमच्या डिझाईनच्या धंद्यात एक वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की आता त्याचं कुणाला काही वाटत नाही. "इंग्लिश फायनल होऊ दे, मराठी नंतर टाकू." ब्रोशर असू दे, दवाखान्याचा बोर्ड असू दे, ॲपची स्क्रीन असू दे नाहीतर सोसायटीची नोटीस, आधी इंग्लिशमध्ये सगळं सजवायचं, चौकटी आखायच्या, रंग ठरवायचे, चार मीटिंगा करून साहेबांची मंजुरी घ्यायची आणि मग शुक्रवारी संध्याकाळी मराठी मजकुराची वर्ड फाईल निवांतपणे मेलवर येऊन पडते, आणि सोमवारी प्रिंटला जायचं असतं. मग जिथे 'हेल्प डेस्क' ऐसपैस बसलं होतं तिथे 'मदत व मार्गदर्शन कक्ष' कोंबायचं, दोन ओळींच्या जागेत साडेतीन ओळी घुसवायच्या, फॉन्ट एक पॉइंट कमी, मग अजून एक कमी, ओळी जरा जवळ घे, आणि शेवटी सगळे मान वाकडी करून स्क्रीनकडे बघतात आणि कुणीतरी म्हणतंच, "मराठीत काही मजा येत नाही राव."

कशी येणार? धाकट्याच्या मापाचा सदरा थोरल्याला घातला की काखेत उसवणारच, त्यात थोरल्याचा काय दोष.

मी काम शिकले सांगलीतल्या एका डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून देणाऱ्या दुकानात, नंतर पुण्यात येऊन डिझाईनचं रीतसर शिक्षण घेतलं. कॉलेजात शिकवायचे कॉन्ट्रास्ट, अलाइनमेंट, जवळीक, पुनरावृत्ती, व्हाईट स्पेस म्हणजे मोकळी जागा, आणि उदाहरणं सगळी मोकळ्या, आखीव स्विस पोस्टरची. दुकानात शिकवायचे, "ताई, नाव मोठं करा की." खरं सांगायचं तर दोन्हीकडचं बरोबर होतं. फक्त कॉलेजात कुणी हे सांगितलं नाही की ही सगळी तत्त्वं अक्षराच्या आकारातून उगवतात, आणि अक्षर बदललं की तत्त्व तेच राहतं पण आकडे, अंतरं, हत्यारं सगळी बदलतात.

आता अक्षराकडेच बघू. इंग्लिशची ओळ बहुतेक समतल असते, बुटकी अक्षरं एका पट्टीत चालतात, एखादं बी किंवा एच वर डोकावतं, एखादं जी किंवा वाय खाली शेपूट सोडतं, बस. आपली ओळ शिरोरेषेला टांगलेली. रेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, रफार. खाली उकार, ऋकार, पाय मोडलेली अक्षरं. आणि मध्ये ट्र, द्ध, ह्य, ङ्क असली जोडाक्षरं, एकमेकांच्या बगलेत शिरलेली. 'वर्षांपूर्वीचं' हा एवढा एकच शब्द फोनवर मोठा करून बघा. दोन रफार, दोन अनुस्वार, एक दीर्घ वेलांटी, एक दीर्घ ऊकार. 'र्षां'च्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार दोघांना शेजारीशेजारी जागा करून द्यायची असते, 'र्वी'च्या डोक्यावर रफाराला वेलांटीत गुंतू न देता बसवायचं असतं, आणि 'पू'चा ऊकार खाली उतरतो तो नेमका खालच्या ओळीतल्या कुठल्यातरी वेलांटीवर आपटायला.

छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे तेव्हा दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या सरकवायचे, त्यामुळे आजही सॉफ्टवेअरमध्ये ओळींमधल्या अंतराला लेडिंगच म्हणतात. लेआउटची सॉफ्टवेअरं हे अंतर आपोआप १२० टक्के धरतात, म्हणजे १० पॉइंटच्या अक्षराला १२ पॉइंटची ओळ. इंग्लिशला ते छान दिसतं. मराठीला ते दिलं की पान काळं पडतं, डोळा ओळीच्या शेवटाला जाऊन परत येताना भलत्याच ओळीवर उतरतो, आणि वाचणाऱ्याला कळत पण नाही की आपण का कंटाळलोय, तो म्हणतो लेख बोअर आहे. मी साधारण १५० टक्क्यांपासून सुरुवात करते आणि फॉन्ट बघून पुढेमागे होते. लोकांना वाटतं मी पानं वाढवतेय.

जुने लोक हे जाणून होते. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, टाईप ओतायचं काम पण त्यांच्याकडेच. त्यांची जुनी संस्कृत पुस्तकं अजूनही कुणाच्या तरी माळ्यावर सापडतात, कागद असा झालेला असतो की पान उलटताना कोपरा हातात येतो. पण पानाची मांडणी बघा. मूळ श्लोक मोठ्या टायपात, त्याखाली टीका लहान टायपात, तळाला पाठभेद आणखी बारीक. तीन प्रकारचा वाचक एकाच पानावर, आणि ज्याला जे हवंय ते त्याला शोधावं लागत नाही. रंग नाही, तिरका टाईप नाही, काही नाही, नुसत्या आकाराच्या उतरंडीवर सगळं उभं केलंय. व्हिज्युअल हायरार्की म्हणून आम्हाला प्रोजेक्टरवर जे शिकवलं ते हेच की हो.

त्यांना आकारावरच भागवावं लागलं याला कारण आहे. इंग्लिश डिझायनरच्या हातात जी हत्यारं असतात त्यातली निम्मी आपल्याकडे चालतच नाहीत. त्यांना हेडिंग उठवायचं असलं की सगळी अक्षरं कॅपिटल करायची, झालं. आपल्याकडे मोठी लिपी-धाकटी लिपी हा प्रकार नाही. त्यांना जरा ऐट आणायची असली की अक्षरं लांबलांब ठेवायची. आपल्याकडे तसं केलं की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. अधोरेखन केलं तर रेघ उकाराच्या पोटातून जाते. इटॅलिक म्हणजे सॉफ्टवेअरने धरून वाकवलेलं अक्षर, देवनागरीची ती चालच नाही. आणि बोल्ड जास्त झालं की 'भ', 'ध', 'क्ष' यांच्या गाठी बुजतात. मग उरलं काय? आकार, वजन, रंग, जागा आणि मोकळीक. एवढ्यावर उत्तम काम होतं, पण ते आधीपासून ठरवून करावं लागतं, शुक्रवारी संध्याकाळी ते सुचत नाही.

अजून एक गोष्ट उरते खरं तर, हाताने काढलेलं अक्षर. मराठी नाटकांच्या पेपरातल्या जाहिराती आठवा, इवल्याशा चौकटी, काळंपांढरं काम, एका पानावर वीस नाटकं, आणि तरी प्रत्येक नाव आपापला चेहरा घेऊन उभं. त्यातली कितीतरी नावं कमल शेडगे यांच्या हातची. २०२० मध्ये ते गेले. शिरोरेषा कुठे तोडायची, कुठे लांबवायची, कुठे वेलांटीच नावाचा मुख्य खांब करून टाकायचा, हे त्यांना असं काही ठाऊक होतं की नाटक विनोदी आहे की ऐतिहासिक हे नाव वाचायच्या आधी कळायचं. जी शिरोरेषा आम्हाला अडचण वाटते तीच त्यांनी खेळवली. आता फॉन्टही चांगले यायला लागलेत, मुंबईच्या 'एक टाईप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी 'मुक्त', 'बलू' असे फॉन्ट खुले करून ठेवलेत, कुणीही फुकट वापरावेत. त्याच्या आधी बरीच वर्षं कॉम्प्युटरवर मराठी म्हणजे मंगल. र. कृ. जोशींनी केलेला हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघरी आला. माणूस हाडाचा सुलेखनकार, आणि त्याने त्या काळच्या जाड ठिपक्यांच्या स्क्रीनवर वाचता यावं म्हणून केलेलं अक्षर आपण उचलून लग्नपत्रिकेपासून दहा फुटी बोर्डापर्यंत सगळीकडे वापरलं आणि वर म्हणालो मंगल कसातरीच दिसतो. स्क्रीनसाठीचा फॉन्ट बोर्डावर चढवला तर कसा दिसणार.

बोर्डांवरून आठवलं. २०२२ मध्ये राज्य सरकारने दुकाने आणि आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती केली, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसावीत हेही त्यात आलं. प्रकरण कोर्टात गेलं, सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, आणि त्या दिवाळीच्या आसपास पाट्या करणाऱ्यांची चांदी झाली. माझा पाठिंबाच आहे, त्यावर वाद नको. पण डिझायनर म्हणून मला त्यात एक गंमत दिसली. लहान नसावीत म्हणजे माप कुठून घ्यायचं? कॉम्प्युटरमध्ये दोन्हींना सारखाच पॉइंट साइझ दिला तर मराठी लहानच दिसणार, कारण त्याच उंचीत वेलांट्या आणि उकार दोन्ही मावले पाहिजेत म्हणून मधलं मूळ अक्षर बारकं केलेलं असतं. वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजलं तर कागदावर दोन्ही सारखी, रस्त्यावरून बघितलं तर मराठी अंग चोरून उभी. म्हणून शिरोरेषेपासून खालपर्यंतचा जो मुख्य भाग आहे तो इंग्लिश कॅपिटलच्या उंचीशी जुळवायचा आणि वेलांट्यांना वर, उकारांना खाली आपापल्या वाटेने जाऊ द्यायचं. मग पाटीची उंची वाढते. दुकानदार म्हणतो, "ताई, पत्रा वाढतोय." वाढणारच.

बहुतेकांनी काय केलं ते तुम्ही बघितलंच असेल. इंग्लिश नाव एजन्सीला पैसे देऊन करून घेतलेलं, वळणदार, आणि त्याच्या शेजारी कॉम्प्युटर उघडल्यावर जो पहिला दिसला त्या फॉन्टमध्ये मराठी. दोन्ही लिप्या एकाच घरातल्या वाटाव्यात यासाठी रेघेची जाडी जुळवावी, टोकं गोल की चौकोनी ते बघावं, काळेपणा सारखा ठेवावा. एवढंच. 'ग'ला इंग्लिश जीचं शेपूट लावायची गरज नाही, तसंही काही जण करतात आणि ते फारच केविलवाणं दिसतं.

आता लग्नपत्रिका. डीटीपीच्या दुकानात सगळ्यात जास्त डिझाईन मी पत्रिकेवर शिकले, कारण पत्रिकेसारखा अवघड ऐवज दुसरा नाही. वर गणपती, कुलदैवत, मग चि. आणि चि. सौ. कां., त्यांच्या आईवडिलांची नावं, आजोबांचं नाव, गाव, मग मुहूर्त, मग निमंत्रक, आपले नम्र, समस्त परिवार, कोपऱ्यात चिमुकल्यांची 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं', आणि सगळ्यात खाली, वेलबुट्टीच्या किनारीला चिकटून, विवाहस्थळ. डिझाईनचा कुठलाही मास्तर म्हणेल निम्मा मजकूर काढून टाका. काढून बघा. एक गृहस्थ दुपारच्या उन्हात प्रूफ घेऊन परत आले होते, घाम पुसत म्हणाले, "ताई, आत्याच्या मिस्टरांचं नाव मामांच्या खाली गेलंय. बोंबाबोंब होईल ओ घरात." मी म्हटलं काका एकाच ओळीत घेऊ शेजारीशेजारी. तर म्हणाले, "शेजारी नको, मग डावं कोण आणि उजवं कोण?" हसण्यासारखं आहे पण त्यांचं बरोबर होतं. त्या कागदावर नावांचा क्रम हा मजकूरच आहे, नावांइतकाच. तो वाचणारी माणसं आहेत आणि ती बारकाईने वाचतात.

पण पत्रिकेला दुसरा पण एक वाचक असतो, लग्नाच्या दिवशीचा. तो निघालाय, बायको मागे गाडीवर बसलीय, हातात आहेराचं पाकीट, आणि त्याला फक्त दोन गोष्टी हव्यात, किती वाजता आणि कुठल्या कार्यालयात. आणि नेमक्या त्याच गोष्टी पत्रिकेत लांबलांब विखुरलेल्या असतात, तारीख वरच्या तिसऱ्या ओळीत संस्कृतप्रचुर वाक्यात गुंडाळलेली, 'दु. १२ वा. ३५ मि.' मध्यावर आणि कार्यालयाचा पत्ता तळाला. पुस्तकातलं जवळिकीचं तत्त्व मला इथे खरं कळलं. जे एकत्र वापरलं जाणार ते एकत्र ठेवा, आणि त्या गठ्ठ्याच्या आतल्या अंतरापेक्षा बाहेरचं अंतर जास्त ठेवा. वार, तारीख, मुहूर्त, कार्यालय, गाव हे सगळं एका जागी आणायचं, चारही बाजूंनी थोडी मोकळीक सोडायची. एकही नाव न काढता, एकाही मामाला न दुखवता पत्रिका वाचता यायला लागते. नावं मोठी करायची गरज पडत नाही, मोकळी जागाच आवाज करते. तरी काका शेवटी म्हणालेच की इथे जागा रिकामी राहिलीय, एक कलश टाका. कलश टाकला. गिऱ्हाईक आहे ते.

हल्ली पत्रिकेचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि लोक दोन बोटांनी मोठा करकरून वाचतात, म्हणून काही हुशार घरं वेळ, स्थळ आणि नकाशा एवढंच असलेलं वेगळं चित्र पाठवतात. मूळ पत्रिकेला हात न लावता दुसऱ्या वाचकाची सोय, हे मला आवडतं.

रिकाम्या जागेबद्दल मात्र माझं कॉलेजवाल्यांशी अजून भांडण आहे. तिथे शिकवतात की गर्दी वाईट, मोकळं ते सुंदर. मी त्यांना घरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय दाखवते. १९७३ पासून जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेलं हे कॅलेंडर, आणि त्याच्या महिन्याच्या पानावर एक इंच मोकळा सापडला तर सांगा. तारीख, तिथी, नक्षत्र, सण, उपास, जयंत्या, संकष्टीचा चंद्रोदय, आणि पान उलटलं की मागे पाककृती आणि लेख. या सगळ्याला स्विस मास्तरांनी नापास केलं असतं. आणि तरी ओट्याशी उभं राहून आज किती तारीख हे दुरून दिसतं, लाल रंगामुळे सुट्टी दिसते, दोन पावलं जवळ गेलं की सण वाचता येतो, आणि अगदी नाक लावलं की तिथी-नक्षत्र. अंतराप्रमाणे मजकूर उलगडत जातो. ज्याला जेवढं जवळ यायचं तेवढं तो येईल, लांबून बघणाऱ्याला बारीक अक्षरांचा त्रास होत नाही कारण त्याला ती दिसतच नाहीत, नुसता एक राखाडी पोत दिसतो. शिवाय प्रत्येक गोष्ट दर महिन्याला, दर वर्षी त्याच जागी. माझी आजी चष्मा न लावता बरोबर चतुर्थीवर बोट ठेवायची, वाचत नव्हतीच ती, तिला जागा पाठ होती.

आणि त्या एवढ्या गच्च चौकोनातसुद्धा घरातली माणसं आपली जागा काढतात. दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, बाईंची सुट्टी, इस्त्रीवाल्याचे कपडे. कुठल्याही ॲपला आपल्या युजरकडून एवढा वापर मिळाला तर ते पेढे वाटतील. गर्दी आणि गोंधळ यात फरक आहे, आणि आपल्याकडच्या वाचकाला गर्दीची भीती नाही, त्याला फक्त कुठे बघायचं ते कळलं पाहिजे.

गोंधळ बघायचा असेल तर चौकातला फ्लेक्स. तोही नीट बघितला तर गोंधळ नाहीच म्हणा, फार कडक व्याकरण आहे त्याला. वरती गोल गोल चकत्यांमध्ये वरचे नेते, उजवीकडे पूर्ण उंचीचे वाढदिवसवाले हात जोडून किंवा कानाला फोन लावून, मध्ये 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, आणि कोणाचा फोटो किती सेंटीमीटर हे पत्रिकेतल्या मामांइतकंच नाजूक प्रकरण. पण अक्षरांची मात्र वाट लागते. मागे भगवा-निळा-ज्वाळा-सिंह असं सगळं असल्यामुळे अक्षर दिसत नाही, म्हणून त्याला पांढरी किनार, ती उठत नाही म्हणून काळी किनार, वर सावली, आणि तीन किनारींच्या वजनाखाली 'र्दि'चा रफार आणि वेलांटी यांचा एकच गोळा होतो. किनार हे कॉन्ट्रास्ट नसल्याचं बँडेज आहे. मागचा सिंह जरा फिका केला असता तर एकही किनार लागली नसती, पण सिंह फिका करा म्हणून सांगायची हिंमत कुणाची आहे.

फ्लेक्सवरच 'पोलसि' असले शब्द पण दिसतात. लोक म्हणतात करणाऱ्याला शुद्धलेखन येत नाही. तसं नसतं बऱ्याचदा. आपण टाईप करताना आधी व्यंजन आणि मग ऱ्हस्व वेलांटी देतो, पण दिसायला ती व्यंजनाच्या आधी दिसायला हवी. ही उलटापालट सॉफ्टवेअरने करायची असते, आणि ज्या सॉफ्टवेअरला देवनागरी कळत नाही ते अक्षरं आली तशी ओळीने मांडतं, मग 'लि'ची वेलांटी पुढच्या 'स'च्या गळ्यात. जोडाक्षरांचं पण तेच, सुटी होऊन पाय मोडून पडतात. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर उचलून तसाच पेस्ट केला, आणि प्रूफ कुणी वाचलं नाही.

छापील कामाचं एक बरं असतं, ते एका जागी उभं राहतं. हलणाऱ्या मजकुराचं गणित आणखी वेगळं. मुंबईत बेस्टच्या बसवर पुढे नंबर आणि ठिकाण मराठीत आणि बाजूला इंग्लिशमध्ये, ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटत आलीय. दोन्ही लिप्या पूर्ण आकारात, कुणी कुणाची जागा खात नाही. आता एलईडी आले, एकाच पट्टीवर आळीपाळीने नाव सरकत जातं, बस आली, थांबली, आणि 'कडे' एवढंच दिसलं, कुणाकडे ते कळायच्या आत बस सुटली. जागा वाचली पण वेळ आपल्या खिशातून गेला. रीलच्या कॅप्शनमध्ये पण हाच घोटाळा, एकेक शब्द फटाफट उडी मारून येतो. इंग्लिशमध्ये ते खपतं कारण शब्द छोटे. मराठीत विभक्ती, शब्दयोगी अव्यय सगळं शब्दाला चिकटलेलं, 'कार्यालयासमोरच्यांना' असला लांबलचक शब्द अर्ध्या सेकंदात येतो आणि जातो. मी दोन-तीन शब्दांचे अर्थाला धरून तुकडे करते आणि पहिला तुकडा वाचून होईपर्यंत दुसरा आणत नाही. एडिटरला वाटतं व्हिडिओ स्लो झाला.

फोनवर तर रोजचं आहे. बटणाची उंची इंग्लिशवर ठरवलेली, त्यामुळे 'नोंदणी'चा अनुस्वार आणि वेलांटी वरून कापलेली, 'पुढे'चा उकार खालून कापलेला. अर्थ बदलत नाही पण असं डोकं उडवलेलं अक्षर दिवसभर बघायचं. फिक्या राखाडीवर जरा गडद राखाडी अक्षरं ही फॅशन पण आहेच. वेबसाठीच्या ॲक्सेसिबिलिटीच्या नियमावलीत साध्या मजकुराला निदान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक, सांगितलाय, मोठ्या अक्षरांना ३ ला १. देवनागरीत अनुस्वार म्हणजे एक ठिपका, तो फिका पडला की अनेकांचा एक होतो. म्हणून मी त्या आकड्याच्या काठावर कधी थांबत नाही, चांगलं गडद करते.

आणि तो 'ल'. महाराष्ट्र सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीची अक्षरं कशी असावीत ते चित्रासकट दिलंय, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श. हिंदी वळणाचा ल दंडाचा. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आत असतात, पण पान मराठी आहे असं वेबसाईट करणाऱ्याने कोडमध्ये सांगावं लागतं, दोन अक्षरांचा खूण-शब्द आहे तो, तेवढा टाकला की फॉन्ट स्वतःहून मराठी वळण काढतो. टिरोसारख्या फॉन्ट करणाऱ्यांनी तर हिंदी, मराठी, संस्कृत असे वेगवेगळेच फॉन्ट दिलेत. हे तुम्ही आत्ता वाचताय त्यात ल कुठला दिसतोय ते तुमच्या फोनवर आहे, बघा जरा. दंडाचा ल दिसला म्हणून कुणाचं वाचायचं अडत नाही हे मला मान्य आहे, आणि त्यावरून अस्मितेची लढाई करण्यात मला रस नाही. पण सरकारी कॅम्पेनच्या मराठी पोस्टरवर जेव्हा तो दिसतो तेव्हा एवढं नक्की कळतं की हे पोस्टर आधी कुठल्या भाषेत झालं होतं.

तर मी काय करते. कुठलंही काम दोन भाषांत असलं की मी मराठी मजकूर आधी मागते, कच्चा असला तरी चालेल. त्यातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल शब्द शोधते, सगळ्यात लांब शब्द शोधते, आणि त्यांच्यावर ओळीची उंची आणि चौकटीची रुंदी ठरवते. नुसता फॉन्ट तपासायचा असला की माझं एक ठरलेलं कडबोळं आहे, दऱ्या, वर्षी, ट्रॅक्टर, उद्ध्वस्त, वाङ्मय, हृदय, रूं, स्त्रीरोगतज्ज्ञ. हे एका ओळीखाली एक नीट बसले की समजायचं. मग त्याच चौकटीत इंग्लिश सोडते. आणि इथे ती साधी गोष्ट दिसते जी मला कुणी सांगितली नव्हती, मराठीसाठी आखलेल्या जागेत इंग्लिश काही न करता बसतं, वर-खाली त्याला मोकळं मोकळं मिळतं. उलटं कधीच होत नाही.

मध्ये एका दवाखान्याचं काम होतं, नाव कशाला, मजल्यांवरचे बोर्ड, केबिनच्या पाट्या आणि औषध कधी घ्यायचं ते सांगणारा रुग्णांसाठीचा कागद. डॉक्टरीणबाई समंजस होत्या, मराठी आधी करू म्हटल्यावर हो म्हणाल्या. 'स्त्रीरोग व प्रसूती विभाग' यावर सगळ्या बोर्डांची उंची ठरली. औषधाच्या कागदावर सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने, प्रत्येकात सूर्य-चंद्राचं चित्र, कारण येणाऱ्या निम्म्या आज्यांना वाचता येत नाही आणि उरलेल्यांचा चष्मा घरी राहिलेला असतो. 'जेवणाआधी' आणि 'जेवणानंतर' हे शब्द लांबून एकसारखे दिसतात, सुरुवात तीच, म्हणून एकाला भरलेलं ताट आणि एकाला रिकामं ताट काढलं, तर तिथल्या सिस्टरनी सांगितलं की रिकामं ताट म्हणजे जेवून झालं असं पण वाटेल. खरंच की. मग ताटाआधी गोळी आणि गोळीआधी ताट असा क्रम काढला, मध्ये बाण. तोही डावीकडून उजवीकडे वाचायची सवय असणाऱ्यालाच कळतो, पण त्यातल्या त्यात बरा निघाला, आणि सिस्टर म्हणाल्या उरलेलं आम्ही तोंडाने सांगतोच.

बोर्ड लागले, संस्थेचे ट्रस्टी बघायला आले, कॉरिडॉरमधून एक फेरी मारली, मान डोलावली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सगळं छान झालंय मॅडम, फक्त ते इंग्लिश जरा बारीक वाटतंय का हो?" मी म्हटलं बघते, आणि पुढच्या लॉटला दोन मिलिमीटर वाढवून दिलं.